डायरेक्ट गेला की आऊट

मस्कत,
कोजागिरीचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप सत्यवती आत्या,

तुझ्या पायांवर सुजितचं डोकं. (इतक्या लांबून ठेवलंय, तेव्हा नेहमीसारखं घाईत उचलून पळणार नाही. हवा तेवढा वेळ आशीर्वाद दे.) आतोबांची कंबर कशी आहे? कापणीला वाकू नका म्हणावं, आणि वाकलेच तर सरळ होताना कुणाचा तरी हात धरा म्हणावं. भात घरात आलं की अजून खाचरातच आडवं आहे? तुझा गुडघा, तुझी शेळी आणि तुझा राग, तिघं ठीक असतील असं धरून चालतो. माझं म्हणशील तर मी बरा आहे. डाळ-भात मिळतो, मासळी पण मिळते, पण इथल्या बांगड्याला आपल्या बांगड्याची अक्कल नाही. तो तव्यावर पण गप्प पडून राहतो.

फोन सोडून पत्र का लिहितोय, असं तू विचारशील. आत्या, तुझा फोन स्पीकरवर असतो. तू म्हणतेस ऐकू येत नाही म्हणून, पण मग सगळ्या आळीला ऐकू येतं. ओटीवर तांदूळ निवडायला आवडाबाई बसलेली असते, आणि तिच्या कानात पडलेली गोष्ट भागोजीकाकांच्या दारात पोचायला चहाला एक कढ येण्याइतका पण वेळ लागत नाही. आणि ही गोष्ट भागोजीकाकांचीच आहे. म्हणून आमच्या खोलीतला ओंकार (रेवदंड्याचा, ज्याची आई तुला बोडणीच्या बाजारात भेटली होती) आज रात्री सुट्टीवर निघालाय, त्याच्या हातात हे पत्र देतोय. तो भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरेल आणि तिथून थेट तुझ्याकडे येईल. त्याला जेवायला घाल. पत्र आधी घे, मग जेवायला घाल, कारण जेवल्यावर तो झोपतो.

तर आत्या, मुद्द्याची गोष्ट ही की मी जिंकलो. काय जिंकलो ते सांगतो, पण आधी तुला गेल्या माघातला तो बघण्याचा कार्यक्रम आठवायला लागेल. तुला आठवायला आवडत नाही हे मला माहीत आहे. मला पण नाही आवडत. पण आता आपण दोघं जरा वरच्या बाजूला उभे आहोत, तेव्हा बघायला हरकत नाही.

त्या दिवशी सकाळी आपली फायनल होती. तू सांगितलं होतंस की दुपारी भागोजीकाकांच्या राहीला बघायला जायचंय, अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून ये. मी येणारच होतो. पण मॅच लांबली, मी सामनावीर झालो, आणि ती ट्रॉफी माझ्या हातात कुणी दिली? खुद्द भागोजीकाकांनी. ते आपल्या खाचरातले कायमचे अंपायर. एस.टी.त कंट्रोलर होते तेव्हाची शिट्टी अजून गळ्यात असते. मला वाटलं, ज्या माणसानं सकाळी ज्या टी-शर्टाला हार घातला, त्या माणसाला दुपारी त्या टी-शर्टाचा काय त्रास होणार? म्हणून तसाच आलो. पोपटी रंगाचा, पुढे जय भैरी क्रिकेट संघ, मागे माझं नाव, आणि नावाखाली सौजन्य आवडाबाई घरगुती खानावळ, काशीद रोड. बॅट पण हातातच राहिली. (ती बाहेर ठेवली असती तर कुणीतरी पळवली असती, हे तू पण मान्य करशील.)

पण भागोजीकाका घरी जाऊन बदलून बसले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, वरपर्यंत बटणं, खुर्चीत ताठ. सकाळी मला नावाने हाक मारणारा माणूस दुपारी मला विचारतो, नाव काय, शिक्षण किती. मी म्हटलं, काका, मी सुजित, आठवी. मग त्यांनी विचारलं की आतापर्यंत कुठे कुठे काम केलं. मला वाटलं, हा आपल्या हातातला बॉल आहे. मी सांगत सुटलो. काशीदला बनाना बोटीवर, मग तिथेच घोडागाडीवर, मग रेवसच्या जेट्टीवर सामान चढवायला, मग मांडव्याला पार्किंगमध्ये, मग परत काशीदला शहाळी सोलायला. मी अनुभव सांगत होतो आणि ते भोकं मोजत होते. राही तेवढ्यात पोहे घेऊन आली. ती एकच वाक्य बोलली, ते पण हळू. म्हणाली, "बॅट भिंतीला लावा ना, मांडीवर काय घेऊन बसलात?" आत्या, त्या एका वाक्यावर मी आजपर्यंत जगतोय.

निघताना भागोजीकाका तुला उंबऱ्यात जे म्हणाले ते मी चप्पल घालता घालता ऐकलं होतं. तुला वाटतं ऐकलं नाही. ते म्हणाले, "पोरगा वाईट न्हाय. पन मैदानातला मानूस मैदानात. घरात येताना मानसानं बटनं लावून यावं. आन् हा एका जागी उभा ऱ्हात न्हाय." तू घरी येऊन मला फक्त म्हणालीस की पत्रिका जुळत नाही. पत्रिका कुणी बघितली होती?

म्हणून मी मस्कतला आलो. लोकांना वाटलं पैशासाठी. मी आलो एका जागी उभं राहून दाखवायला. आणि आज छाती ठोकून सांगतो, चैत्रापासून मी एकाच जागी आहे. इतके दिवस एका जागी मी पाळण्यात पण नव्हतो.

आता ही जागा कसली ते सांगतो. हा गोल्फचा क्लब आहे. आत्या, तुला पटणार नाही, पण इथे चहूकडे वाळू आणि खडक, आणि मध्ये काही लोकांनी आपल्या सगळ्या गावाच्या खाचरांएवढं गवत लावलंय. त्याला रोज पाणी पाजतात, रोज कापतात आणि कापलेलं टाकून देतात. एक म्हैस नाही. पहिल्या आठवड्यात मला झोप लागली नाही, सारखी तुझी शेळी डोळ्यापुढे यायची. या गवतात ठिकठिकाणी एक एक भोक आहे. लांबून काठीनं बॉल मारायचा आणि तो कमीत कमी फटक्यांत भोकात घालायचा, एवढाच खेळ. पहिला फटका जिथून मारतात त्या सपाट जागेला टी म्हणतात, आणि बॉल ज्या लाकडी खुंटीवर ठेवतात तिला पण टीच म्हणतात. (ही खुंटी दात कोरायच्या काडीहून जरा जाड असते. श्रीमंत माणसं एका फटक्यात ती मोडतात, उचलत पण नाहीत. मी त्या गोळा केल्यात, तुझ्या पापडांना टोचायला आणीन.)

पहिल्याच दिवशी माझी एक चूक झाली. ती पण सांगतो, कारण तिच्यामुळेच माझं बरं झालं. प्रत्येक भोकात एक काठी उभी असते आणि काठीला कापड. आता आपल्याकडे माळावर काठीला कापड लावलेलं दिसलं म्हणजे ती राखणदाराची जागा, तिथे चपला घालून जायचं नाही, हे लहान पोराला पण कळतं. मला वाटलं, या मुलखात जागृत देवस्थानं फारच जवळजवळ आहेत. मी पहिल्या निशाणापाशी बूट काढले, हात जोडले, बूट घातले, पुढे गेलो. तिथे दुसरं निशाण. परत बूट काढले. दुपारपर्यंत सगळी निशाणं झाली आणि बुटाची नाडी तुटली. आमचे सुपरवायझर कुरियनसाहेब, केरळचे, हे सगळं लांबून आपल्या छोट्या गाडीत बसून बघत होते. त्यांनी बोलावून विचारलं की ही काय भानगड. मी माझ्या हिंदीत सांगितलं की साहेब, देवाच्या जागेत बूट घालून कसं जायचं. ते आधी खूप हसले. मग त्यांनी बाकीच्यांच्या बुटांचे ठसे बघितले, माझ्या पायाखालचं गवत बघितलं. दुसऱ्या दिवसापासून मला निशाणाभोवतीच्या सगळ्यात मऊ गवतावर लावलं, जिथे नवीन माणसाला वर्षभर पाय ठेवू देत नाहीत. आता मला ठाऊक आहे की कापडाखाली देव नाही, भोक आहे. पण हात अजून जरासा उचलतोच. कुरियनसाहेबांचा पण उचलायला लागलाय, हे मी बघितलंय.

आणि आत्या, टी-शर्टाचं सांगायचं राहिलं, ते भागोजीकाकांना आधी सांग. इथे सगळे टी-शर्ट घालतात. बँकेचे मालक, डॉक्टर, कोर्टातले जज, ज्याच्या नावाने रस्ता आहे तो माणूस, सगळे टी-शर्टात. कडक शर्ट आणि वरपर्यंत बटणं फक्त एकाच माणसाची असतात, तो दारात उभा राहून गाड्यांची दारं उघडतो. फक्त एक नियम आहे: टी-शर्टाला कॉलर पाहिजे आणि तो पँटीत खोचलेला पाहिजे. कॉलर नसलेल्याला टीवर पाय ठेवू देत नाहीत. एकदा एक मोठा व्यापारी बिनकॉलरचा आला, त्याला आमच्या डोळ्यांदेखत परत पाठवला. तो बिचारा गाडीत बसून बायकोवर चिडला. मला भागोजीकाका आठवले. म्हटलं, बघा, इथे पण एक अंपायर आहे.

आता खरी गोष्ट. राहीचा फोन येतो अधूनमधून. (हे तुला ठाऊक नव्हतं. आता झालं. स्पीकर नाही ना लावलास?) ती काशीदला त्या पाहुण्यांच्या बंगल्यांचं बुकिंग सांभाळते, आणि पाहुणे समुद्रावर गेले की बोलते. भाद्रपदात तिनं सांगितलं की रोह्याचं एक स्थळ आलंय, मुलगा सरकारी खात्यात, शर्टाला दोन खिसे आणि दोन्हीत पेन. बाबांनी त्यांना सांगितलंय की तुळशीची लग्नं लागली की कळवतो. मी विचारलं, तुझं काय म्हणणं. ती म्हणाली, "माझं म्हणणं तुम्ही इथे येऊन ऐका. फोनवर सांगायची गोष्ट हाय का ती?" आता मी येणार कसा? आमची सुट्टी दुसऱ्या वर्षी. तिकीट कंपनी देते, पण तेव्हाच. मी कुरियनसाहेबांपुढे हात जोडले, त्यांनी माझ्यापुढे जोडले. इथेच सगळं संपलं असतं.

पण दरवर्षी नवरात्राच्या सुमाराला क्लबवाले कामगारांचा एक दिवस करतात. त्या दिवशी साहेब लोक बाजूला उभे राहून टाळ्या वाजवतात आणि आम्ही टीवरून मारतो. प्रत्येकाला एकच बॉल. ज्याचा बॉल निशाणाच्या सगळ्यात जवळ थांबेल तो जिंकला. आणि बक्षीस काय, तर जाऊन येऊन विमानाचं तिकीट, सुट्टी धरून. आत्या, मला त्या दिवसापासून जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण चव लागली नाही.

रोज काम संपलं की कुरियनसाहेब मला उरलेल्या उजेडात शिकवायचे. ते एकच सांगायचे: बॉल उभा आहे, तू पण उभा राहा. डोकं हलवू नको, पाय हलवू नको, बॉल गेला तरी त्याच्या मागे बघू नको. माझं सगळं हलायचं. मी मारायच्या आधीच धावायला निघायचो, कारण आपल्याकडे मारलं की धावायचं असतं. एकदा खरंच धावलो, काठी घेऊन, अर्ध्या वाटेवरून आठवलं की समोर दुसरी विकेटच नाही. दुसरी पंचाईत म्हणजे माझा बॉल हवेत जायचाच नाही. इथे सगळे बॉल उंच उडवतात, तो घारीसारखा वर जातो आणि टपकन निशाणापाशी पडतो. माझा बॉल उंदरासारखा जमिनीलगत पळायचा. कुरियनसाहेब कपाळावर हात मारायचे. मी त्यांना सांगून थकलो की साहेब, माझा हात वर उचलतच नाही, तिथे भागोजीकाका बसलेत.

कारण तुला ठाऊक आहे आपल्या खाचरातला नियम. डावीकडच्या बांधापलीकडे नीराबाईचे वाल. बॉल टप्पा खाऊन गेला तर दोन रन, पण डायरेक्ट वालात गेला की आऊट. हा नियम भागोजीकाकांनी केला, कारण नीराबाई ही भागोजीकाकांचीच बायको, आणि शेंगा तुटल्या की थंडीत मडक्यात भाजायला पोपटी कसली लावणार हा प्रश्न त्यांना त्यांच्याच घरात रात्री ऐकायला लागायचा. लहानपणापासून मी किती वेळा त्या वालांपायी आऊट झालो असेन. भागोजीकाकांची शिट्टी, बोट वर, आणि मी परत. त्यामुळे माझ्या हाडांत बसलंय की बॉल उचलायचा नाही. धसकटांमधून, ढेकळांवरून, बांधाच्या कडेनं सरपटत न्यायचा.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी आणखी एक घोळ. माझ्याकडे एकच चांगला टी-शर्ट, तोच पोपटी, आणि त्याला कॉलर नाही. कंपनीचा युनिफॉर्म चालणार नव्हता, त्या दिवशी आपापले कपडे घालायचे असं होतं. ओंकारचा मला आखूड, पोटाच्या वरच राहतो. शेवटी आमच्या कॅम्पात मुलतानचे एक शिंपीचाचा आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांच्याकडे पोपटी कापड नव्हतं, पडद्याचं उरलेलं होतं, जांभळं, त्याच्यावर गुलाबाची फुलं. त्यांनी त्याची कॉलर बसवली, आणि अशी कडक बसवली की मान वळवायची सोय राहिली नाही. (हे पुढे उपयोगी पडलं. डोकं हलवू नको, असं जे कुरियनसाहेब सांगून थकले ते कॉलरनं एका दिवसात शिकवलं.)

स्पर्धेच्या दिवशी सकाळपासून वारा. साधा नाही, वाळू घेऊन येणारा, डोळे मिटून चालायला लावणारा. साहेब लोक टोप्या धरून उभे. टीवर एक पाटी आणि एक माईक, आणि क्लबच्या कॅप्टनबाई, इंग्रज, उंच, पांढरे केस, प्रत्येकाचं नाव आणि त्याचा गावाकडचा क्लब कोणता ते पुकारत होत्या, कारण मोठ्या स्पर्धेत तशी पद्धत आहे. माझ्या पाठीवर देवनागरीत जे लिहिलंय ते काय, असं त्यांनी ओंकारला विचारलं. ओंकारनं बिनधास्त सांगितलं की तो याचा गावाकडचा क्लब. आत्या, माईकवरून सगळ्या मस्कतच्या हवेत ऐकू आलं: सुजित, आवडाबाई घरगुती खानावळ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आवडाबाईला हे सांगू नको, ती जेवणाचे भाव वाढवेल.

माझ्या आधी सगळ्यांनी उंच मारले. एक एक बॉल छान वर गेला आणि वाऱ्यानं असा उचलून नेला की निशाण एकीकडे आणि बॉल त्या डाव्या वाळूच्या खड्ड्यात, नाहीतर खजुरीच्या झाडांत. ओंकारचा बॉल तर मागे आला. खरंच मागे आला, त्याच्याच पायाशी नाही, पण त्याच दिशेने. तो म्हणाला की हा निदान प्रामाणिक बॉल आहे.

मग मी. आधी मी खिशातून नारळ काढला. म्हणजे खिशातून नाही, पिशवीतून. नारळ न वाढवता आपल्याकडे कुणी मैदानात पाऊल टाकतं का? टीच्या कडेला आकडा लिहिलेला दगड होता, त्यावर वाढवला. पाणी गवतावर, अर्धी वाटी निशाणाच्या दिशेनं ठेवली, उरलेल्याचे तुकडे करून सगळ्यांना वाटले. पहारेकरी धावत आला होता, त्याच्या पण हातावर तुकडा ठेवला, तो चावत चावत परत गेला. कॅप्टनबाईंनी पण खाल्ला आणि विचारलं की हे सगळ्या खेळाडूंनी करायचं असतं का. मी म्हटलं, करणाऱ्यानं करावं.

बॉल खुंटीवर ठेवला. वाऱ्यानं पाडला. परत ठेवला, परत पाडला. लोक हसायला लागले. मग मी खुंटी उपटून खिशात टाकली आणि बॉल सरळ जमिनीवर ठेवला, आपल्या खाचरात ठेवतात तसा. पाय रोवले. आत्या, त्या वेळी डोळ्यापुढे कोण आलं असेल? राही नाही. तिचे वडील. गळ्यात शिट्टी, बोट अर्धं वर केलेलं, आणि मागे नीराबाईचे वाल. म्हटलं, सुजित, डायरेक्ट गेला की संपलं. आणि मी मारला.

बॉल उचललाच नाही. गुडघ्याएवढा पण नाही. वारा वरून गेला, बॉल खालून गेला. गवताला चिकटून, जरा डावीकडे, मग उतारावरून उजवीकडे, जसा काही त्याला रस्ता पाठ आहे. मला मान वळवता येत नव्हती म्हणून मी खालीच बघत उभा होतो. तेवढ्यात कुरियनसाहेब मल्याळममध्ये काहीतरी ओरडले, आणि ओंकारनं मला मागून उचललं. बॉल निशाणापासून एका वितीवर जाऊन बसला होता. वीत माझी नाही, कॅप्टनबाईंची, त्यांनी स्वतः गुडघे टेकून मोजली.

त्यांनी मला मग माईकवर विचारलं की एवढ्या वाऱ्यात जमिनीलगत मारायचं हे कुठे शिकलास, कुणी शिकवलं. आत्या, मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, माझे होणारे सासरे. त्यांनी आमच्या गावात नियम केलाय. कुरियनसाहेबांनी इंग्रजी करून सांगितलं, आणि कॅप्टनबाई म्हणाल्या की अशा माणसाला भेटायला पाहिजे.

तर असं आहे. तिकीट माझ्या गादीखाली आहे. त्याबरोबर क्लबचा टी-शर्ट मिळाला, निळा, कॉलरवाला, छातीवर माझं नाव दोऱ्यानं भरलेलं. तुळशीच्या लग्नाच्या आधी मी मांडव्याला उतरतो. त्याआधी तू एकदा भागोजीकाकांकडे जा. सांग की टी-शर्टवाला पोरगा चैत्रापासून एका जागी उभा आहे, आणि ज्या दिवशी सगळ्यात जास्त वारा होता त्या दिवशी तर सगळ्यात जास्त उभा होता. सांग की मोठी मोठी माणसं टी-शर्टच घालतात. रोह्याच्या मंडळींना कळवायची घाई करू नका म्हणावं. ते चिडले तर बोलू दे, मध्ये बोलू नको, ते शिट्टी वाजवल्यावरच थांबतात. पण जा. माझ्यासाठी नाही तरी त्या पोह्यांसाठी जा, ते फार चांगले झाले होते आणि आपण अर्धे टाकून उठलो होतो.

आतोबांना नमस्कार, शेळीला एक थाप, आणि तुला जेवढं मागशील तेवढं प्रेम.

तुझा, एका जागी असलेला,
सुजित

ता. क. स्पर्धेत किती माणसं होती असं भागोजीकाकांनी विचारलं तर पुष्कळ होती असं सांग. खरं तर आम्ही मूठभरच होतो, आणि त्यातल्या दोघांनी काठी उलटी धरली होती. पण वारा सगळ्यांना सारखाच होता.

ता. क. दुसरा. ओंकार बॅग बांधतोय तोवर राहीचा फोन आला. गाढवानं (ओंकारनं) माझ्या बॉलचा व्हिडिओ आपल्या जय भैरीच्या ग्रुपवर टाकलाय, आणि त्या ग्रुपमध्ये भागोजीकाका आहेत हे तो विसरला. राही म्हणाली की बाबा सकाळपासून तो व्हिडिओ बघतायत. नीराबाईंना दाखवला, शेजाऱ्यांना दाखवला, बोट लावून थांबवून थांबवून बघितला. मी विचारलं, काय म्हणाले. ती म्हणाली की बाबा म्हणाले, "डायरेक्ट न्हाय गेला. पोरगा नियमात खेळला." मी म्हटलं, मग झालं की. ती म्हणाली, पुढचं ऐका. पुढे म्हणाले, "पन या खेळात बॉल कुनी टाकलाच न्हाय. जमिनीवर मेलेला बॉल मारला. डेड बॉल हाय, धरता येनार न्हाय. त्याला म्हनावं परत खेळावं लागंल, माझ्या समोर." मग चहा मागितला, आणि चहा पिऊन रोह्याला स्वतः फोन केला की तुळशीची वाट बघू नका. राहीला मी विचारलं की आणि तुझं म्हणणं काय. ती म्हणाली, "बॅट भिंतीला लावून बसा, मग सांगते."

ता. क. तिसरा, आणि खरं काम हेच. तर आता भागोजीकाकांकडे तू जायची गरज राहिली नाही. त्याऐवजी काशीदच्या शिंप्याकडे जा. माझा नवा पांढरा शर्ट शिवायला टाक, पूर्ण बाह्यांचा, कडक कॉलरचा, वरपर्यंत बटणं. टी-शर्टाबद्दल वर जे लिहिलंय ते सगळं खरं आहे आणि मी त्यातला एक शब्द मागे घेत नाही, पण शर्ट तुळशीच्या आधी तयार पाहिजे. माप जुनंच सांग. फक्त छातीला दोन बोटं जास्त ठेवायला सांग, आणि बटणं दुहेरी दोऱ्यानं लाव म्हणावं, त्या दिवशी ती तुटू शकतात.